काय पिताय, काय शिजतंय? घरच्या बीअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिएटलच्या आसपास राहणारे आम्ही आठ-नऊ मराठी लोक महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी गराजमध्ये जमतो. प्रत्येकाने दोन बाटल्या आणायच्या, एक घरी केलेली आणि एक दुकानातून आणलेली. नवीन माणूस आला की पहिला तासभर तेच ते प्रश्न येतात आणि तोपर्यंत बाटल्या कोमट होतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

घरी बीअर करणं कायद्यात बसतं का?

अमेरिकेत बसतं. दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बीअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली. ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. दोनशे गॅलन म्हणजे साधारण ७५० लिटर, कुणाच्या बापाने संपणार नाही इतकी. पण हा झाला केंद्राचा कायदा. राज्यांचे नियम वेगळे असतात, आणि मिसिसिपी व अलाबामा ही शेवटची दोन राज्यं तर २०१३ मध्ये राजी झाली. विकायची मात्र कुठेच नाही, शेजाऱ्यालासुद्धा नाही. दारू गाळायचा विचारही करू नका, तो सरळ गुन्हा आहे.

महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही. पुण्याहून भाचे-पुतणे फोन करून कृती विचारतात, त्यांना आम्ही हेच सांगतो. प्यायची असेल तर पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून ताज्या बीअरची वानवा नाही. तिथे जा, चव घ्या, आणि काय चव लागली ते आम्हाला कळवा.

एक बाटली घरची आणि एक दुकानातली, हा काय प्रकार?

सुरुवातीला सगळे आपापलीच बीअर आणायचे. वर्षभरात लक्षात आलं, की आपण एकमेकांच्या चुकांना सरावलो आहोत. लोणचं दरवर्षी खारट झालं तर घरातल्यांना तीच चव बरोबर वाटायला लागते, तसं. आमच्यातल्या एका सांगलीकराच्या पिल्सनरला सहा महिने मक्याचा वास येत होता आणि तो म्हणायचा, पिल्सनर असाच असतो. मग एकाने पिल्सनर उर्क्वेल आणून शेजारी ठेवली. ही बीअर बोहेमियातल्या प्ल्झेन गावात १८४२ पासून करतात आणि सोनेरी लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवून साठवलेली बीअर, हा प्रकारच तिथे सुरू झाला. दोन घोट झाले आणि सांगलीकर गप्प. मूळ गायक ऐकल्याशिवाय आपण बेसूर आहोत हे कळत नाही.

त्यामुळे करणाऱ्याने काय करतोय यापेक्षा काय पितोय ते आधी सांगावं, असा आमचा शिरस्ता आहे. गव्हाची बीअर करणार असाल तर वायहेनस्टेफान या जर्मन ब्रुअरीची आणा. केळं आणि लवंग यांचा वास येईल, तो यीस्टमधून येतो. त्यात कुणी केळं घातलेलं नसतं.

'छान झालीय' म्हणायला बंदी का?

कारण तो शब्द म्हणजे जेवण झाल्यावर यजमानीणबाईंना म्हणायचा शब्द आहे. त्यातून करणाऱ्याला काडीचं कळत नाही. आमच्याकडे तीन गोष्टी सांगायच्या: वास कसला आला, घोट घेतल्यावर काय लागलं, आणि गिळल्यावर तोंडात काय राहिलं. 'संत्र्याच्या सालीचा वास, मग बिस्किटासारखं, शेवटी जीभ कोरडी पडते' असं म्हटलं की काम झालं. 'शेवटी क्रोसीनची गोळी चघळल्यासारखं वाटतं' असंही चालतं. ते एकदा मला ऐकवलं गेलं होतं आणि बरोबर होतं.

फसलेली बीअर आणणाऱ्याला पहिला ग्लास. हा नियम ठाण्याच्या एका वहिनींनी घालून दिला. त्या आमच्यात सगळ्यांत चांगली बीअर करतात आणि सगळ्यांत जास्त फसलेल्या बाटल्याही त्याच आणतात.

करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

नाचणीचं सत्त्व कसं करतात ठाऊक आहे ना? मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं. माल्ट म्हणजे हेच, फक्त बार्लीचं. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि गरम पाण्यात ते पिष्टाची साखर करतात. ही साखर यीस्ट खातं, मद्यार्क आणि कर्बवायू सोडतं. बाकी सगळा तपशील.

तपशील असा. १९ लिटरच्या घाण्याला, म्हणजे पाच गॅलनला, साधारण साडेचार ते पाच किलो भरडलेलं माल्ट लागतं. मोठ्या पातेल्यात २८ लिटरच्या आसपास पाणी सत्तर अंशांपर्यंत तापवायचं, आत जाळीदार कापडाची पिशवी लावायची आणि त्यात माल्ट ओतायचं. तापमान ६६-६७ अंशांवर स्थिरावतं. झाकून, जुनी गोधडी गुंडाळून एक तास ठेवायचं. ६३-६४ अंश ठेवलेत तर बीअर कोरडी आणि हलकी होते, ६९ ठेवलेत तर अंगाने जाड आणि गोडसर. चार-पाच अंशांत इतका फरक पडतो, म्हणून थर्मामीटरवर कंजुषी नको.

मग पिशवी वर उचलून श्रीखंडाचा चक्का टांगतो तशी टांगायची. खाली उरतो तो गोड काढा. इंग्रजीत त्याला वर्ट म्हणतात, आम्ही काढाच म्हणतो. तो तासभर खळाखळा उकळायचा, झाकण न ठेवता. उकळी फुटली की हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या कडू, वासाच्या फुलांचा, पहिला हप्ता जातो, तो कडूपणासाठी. हॉप्समधल्या आम्लांचं रूप उकळल्यावरच बदलतं आणि मगच ती कडू लागतात, म्हणून तो हप्ता पूर्ण तास शिजला पाहिजे. वास मात्र वाफेबरोबर उडून जातो, म्हणून वासाचे हॉप्स शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घालायचे. फोडणी आधी आणि कोथिंबीर शेवटी, तसंच हे. आणि पहिल्या उकळीला पातेल्याजवळून हलू नका. दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो, हा काढा शेगडीवर जळला की खरवडून काढावा लागतो.

उकळून झालं की तांब्याच्या नळीचं वेटोळं आत सोडून त्यातून थंड पाणी फिरवायचं आणि काढा वीस अंशांच्या आत आणायचा. इथून पुढे काढ्याला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं, चमचा, नळी, बादली, झाकण, तुमचे हातसुद्धा. नुसतं धुतलेलं पुरत नाही. नवशिक्यांचे दहातले नऊ घाणे इथेच बिघडतात, असं माझं मत आहे. मापून नाही सांगत, पाहून सांगतो.

बादलीत ओतायचं, कोरड्या यीस्टचं एक पाकीट भुरभुरायचं, झाकणाला पाण्याची एकमार्गी नळी लावायची आणि अंधाऱ्या जागी १८ ते २० अंशांत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू होतात. दोन आठवड्यांनी बाटल्या भरायच्या. त्या वेळी १९ लिटरला साधारण ११० ग्रॅम साखर उकळून गार करून मिसळतात, म्हणजे बाटलीत फेस तयार होतो. मग आणखी दोन आठवडे खोलीत. पन्नासच्या आत-बाहेर बाटल्या होतात.

मद्यार्क किती झाला ते कसं कळतं?

हायड्रोमीटर नावाची काचेची तरंगती नळी असते. आंबण्याआधी आणि नंतर घनता मोजायची, दोहोंतला फरक १३१ने गुणायचा. माझी नेहमीची पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बीअर, १.०५० ला सुरू होते आणि १.०१२ ला थांबते. फरक ०.०३८, म्हणजे पाच टक्के.

घरच्या बीअरने आंधळेपणा येतो म्हणतात?

नाही येत. ती भीती भेसळीच्या हातभट्टीची आहे आणि तिथे ती खरी आहे. बीअर गाळलेली नसते. बिघडली तर आंबट होते, वास मारते, फार तर ओतून द्यावी लागते. गाडी चालवायची असेल तर चव घेऊन थुंकायला आमच्याकडे बादली ठेवलेली असते, लाजू नका.

माझ्या बीअरला विचित्र वास येतोय. ओतून देऊ का?

लगेच नको. आधी कसला वास आहे ते नीट पाहा.

मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास असेल तर तो डायअॅसिटिल. यीस्टच तो तयार करतं आणि वेळ दिला तर यीस्टच परत खातं. बादली आणखी तीन दिवस जरा उबदार जागी ठेवा. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजेही घाई झाली. उकडलेल्या कणसाच्या पाण्याचा वास आला तर काढा पुरेसा उकळला नाही किंवा झाकण ठेवून उकळलात. फिकट पिल्सनर माल्टमध्ये हे हमखास होतं आणि सांगलीकरांचं दुखणं तेच होतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बाटल्या भरताना हवा खेळली. हा दोष निघत नाही, लवकर पिऊन टाका.

इथे रात्री हायवेवर स्कंक नावाच्या प्राण्याचा घाण वास येतो, तसा वास हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतल्या बीअरला उन्हात येतो. प्रकाश आणि हॉप्सचा कडूपणा यांची ती रासायनिक करामत आहे. उपाय एकच, तपकिरी बाटली आणि अंधार.

सगळ्यांत फसवा वास म्हणजे दवाखान्याचा, बँडेजपट्टीचा. माझे पहिले दोन घाणे त्यात गेले. मी बादल्या घासून घासून दमलो आणि दोष होता नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनचा. सिएटलचं पाणी सीडर आणि टोल्ट नद्यांचं, इतकं मऊ की पिल्सनरला सोन्यासारखं, पण नळातून येतं ते क्लोरिन घेऊनच. आता आदल्या रात्री कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरडून पाण्यात टाकतो. ती गोळी म्हणजे मेटाबायसल्फाइट. त्यानंतर तो वास पुन्हा आला नाही.

बाटल्या खरंच फुटतात?

फुटतात. आई-बाबा पहिल्यांदा इकडे आले होते त्या वर्षीची गोष्ट. ते यायच्या आत बादली रिकामी करायची म्हणून मी १.०२० वरच बाटल्या भरल्या. आंबणं थंडीने रखडलं होतं, संपलं नव्हतं, आणि त्यात वरून साखर. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात एकामागून एक पाच बाटल्या उडाल्या. बाबा आईला घेऊन पलंगाखाली. अमेरिकेबद्दल त्यांनी जे ऐकलं होतं ते सगळं त्या क्षणी खरं ठरलं. सकाळी काचा वेचताना ते एवढंच म्हणाले, 'ताक करायचं होतंस.'

तेव्हापासून घनता तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजतो. आकडा हलला नाही तरच बाटली.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, मुंबईसाठी शोधून काढली, हे खरं का?

गोष्ट सुरेख आहे, पण निम्मीच खरी. लंडनच्या बो भागात हॉजसन यांची ब्रुअरी होती आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटत ते ठिकाण तिथून जवळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस कप्तान मंडळी तिची पेल एल घेऊन यायची आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्यातल्या साहेब लोकांना विकायची. ती काही भारतासाठी मुद्दाम शोधलेली नव्हती. साठवणीची, भरपूर हॉप्सची बीअर इंग्लंडात आधीपासून होती, आणि आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या कित्येक महिन्यांच्या प्रवासात ती चांगली मुरायची. १८२०च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावचे ब्रुअर या धंद्यात उतरले. तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्याने कडूपणा खुलतो, आणि त्यांनी हॉजसनला मागे टाकलं. साध्या गोऱ्या शिपायांसाठी मात्र पोर्टर यायची, काळी आणि स्वस्त, तीही पिंपांच्या पिंपं. तिची आठवण कुणी काढत नाही.

आज आपण आयपीए म्हणून जे पितो ते पुष्कळसं अमेरिकेचं. १९७२ मध्ये ऑरेगनमध्ये कॅस्केड हॉप्स बाजारात आले, पपनसासारख्या वासाचे. तिथून पुढे सगळी चवच बदलली. सिएरा नेवाडाची पेल एल त्याच हॉप्सची. कॅस्केडची ओळख करून घ्यायची तर हीच बाटली आणा.

कोकम, पोहे, गूळ, हापूस घालता येतात का?

येतात, आणि सगळे घालतात, आणि पहिल्यांदा सगळे जास्त घालतात.

पोहे सगळ्यांत सोपे. पोहे करताना भात भिजवून, भाजून, चेपलेला असतो, म्हणजे त्यातला पिष्ट अर्धामुर्धा शिजलेलाच. तांदूळ घालायचा तर आधी वेगळा शिजवावा लागतो, पोह्यांना ती कटकट नाही. पिल्सनर माल्टमध्ये अर्धा किलो जाड पोहे टाकले की बीअर हलकी, कुरकुरीत होते. पातळ पोहे नकोत, त्यांचा लगदा होऊन पिशवी तुंबते.

गूळ घालायचा तो काळ्या बेल्जियन धाटणीच्या बीअरमध्ये, आणि एकूण ऐवजाच्या दहाव्या भागाच्या आत. त्याची गोडी यीस्ट खाऊन टाकतं, उरतो काकवीचा खमंगपणा. हापूसचं दुखणंही हेच. डब्यातला रस घातलात तर साखर सगळी संपते आणि मागे राहते ती आंबट, चिकाची, कोयीजवळची चव. काहींना ती आवडते. मला नाही आवडत. वेलची-केशर घालून 'श्रीखंड एल' करायचा प्रयत्न एका पुणेकराने केला, त्याच्या बाटल्या अजून गराजमध्ये आहेत. कुणाला हव्या असतील तर घेऊन जा.

कोकमाबद्दल मात्र मी तासभर बोलू शकतो. जर्मनीत गोजलार नावाचं गाव आहे. तिथली गोजं नावाची आंबट गव्हाची बीअर, त्यात मीठ आणि धने घालतात. बव्हेरियाच्या १५१६च्या नियमाने बीअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच चालायचं, आणि ही त्या नियमात न बसणारी, वेगळ्या मुलखातली बीअर. मीठ, धने, आंबट. हे वाचलं तेव्हा मला रत्नागिरीच्या मामीचं कोकम सरबत आठवलं. निम्मा गहू आणि निम्मी बार्ली यांच्या माल्टचा काढा करायचा, एकदा उकळून ३७-३८ अंशांपर्यंत गार करायचा आणि लॅक्टोबॅसिलसचं विरजण लावायचं. या टप्प्यावर हॉप्स अजिबात नको, ते विरजणाला मारतात. इतर जण पीएच ३.३ पर्यंत खाली जाऊ देतात, मी ३.६ लाच थांबवतो, कारण पुढचा आंबटपणा कोकमातून येणार असतो. मग उकळी, १५ ग्रॅम भरडलेले धने, नेहमीचं यीस्ट. आंबणं संपल्यावर २०० ग्रॅम आमसुलं पाच दिवस. मीठ सगळ्यांत शेवटी, चाखून. बाजारातल्या आमसुलांना आधीच मीठ लावलेलं असतं. हे विसरून मी एकदा वर १५ ग्रॅम घातलं आणि समुद्राचं पाणी प्यायलो.

श्रावणात काय करता?

थांबतो. निदान निम्मे लोक थांबतात. आणि लागरला नेमकं तेच हवं असतं. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी साठवण. तिचं यीस्ट थंडीत, १० ते १३ अंशांत, सावकाश काम करतं आणि नंतर बीअर गोठणबिंदूजवळ चार-सहा आठवडे ठेवावी लागते. म्हणून आषाढी एकादशी झाली की आम्ही लागर लावतो. गटारीपर्यंत आंबणं उरकतं. गटारीला जुन्या बाटल्या संपवायच्या आणि लागर थंड फ्रिजमध्ये सरकवायची. श्रावण जातो, गणपती येतात, अनंत चतुर्दशी होते, तोवर सहा आठवडे झालेले असतात. बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळाभर, एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, बीअर करायलाच बंदी घातली होती, उष्म्याने ती बिघडायची म्हणून. मार्चमध्ये केलेली बीअर तळघरात ठेवून शरदात प्यायची पद्धत त्यातून रुळली. त्यांचं तळघर, आमचं पंचांग.

उरलेल्या चोथ्याचं काय?

वाळवून, दळून थालीपिठाच्या भाजणीत चौथा हिस्सा. मस्त लागतं. उरलेला शेजाऱ्याच्या कोंबड्यांना. फक्त हॉप्स कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांना ते विषासारखे आहेत, जीव जाऊ शकतो. आमच्याकडे हॉप्सचा गाळ दोन पिशव्यांत बांधून थेट कचऱ्यात जातो.

लांबच्या मित्राला बाटल्या पोस्टाने पाठवता येतील का?

अमेरिकी टपालाने दारू पाठवायला मनाई आहे. येताना-जाताना हातात न्या.

मग सध्या काय पिताय, काय शिजतंय?

पिणं: बांबर्गची श्लेंकेर्ला, धुरावलेल्या माल्टची. पहिला घोट चुलीवरच्या वांग्यासारखा, तिसऱ्यानंतर धूर जाणवेनासा होतो. ऑर्वाल, बेल्जियन मठातली. एकाने बाटली वर्षभर ठेवून आणली, तिचा हॉप्सचा वास ओसरून तबेल्यासारखा वास आला होता आणि टेबलावर दोन तट पडले.

शिजणं: ठाण्याच्या वहिनींची पोह्यांची लागर फ्रिजमध्ये चौथ्या आठवड्यात आहे. सांगलीकरांचा नवा पिल्सनर दीड तास उकळलेला, झाकणाशिवाय. माझी कोकम गोजं कालपासून बुडबुडे देत नाहीये, आज घनता १.००९ आली, मंगळवारी पुन्हा मोजेन. आणि सप्टेंबरात डोंगर ओलांडून याकिमा खोऱ्यात जायचं आहे, ओले हॉप्स आणायला. ते वेलीवरून काढले की दिवसाच्या आत पातेल्यात जायला हवेत, आणि वाळलेल्यांच्या पाच-सहा पट लागतात. गाडीत तीन जणांची जागा झाली आहे, चौथी रिकामी आहे. येणाऱ्याने उशीची अभ्रे आणावीत, हॉप्स भरायला.